जाड पत्र्याची जुनी गाडी खरेच जास्त सुरक्षित असते का? वाचा सविस्तर

‘आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. खरी मजबुती जुन्या गाड्यांत होती,’ हे वाक्य पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर चालवलेल्या प्रत्येक घरात ऐकू येते. अमेरिकेत २००९ मध्ये झालेल्या एका चाचणीने मात्र वेगळेच चित्र दाखवले.

चाचणी काय होती?

महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘आयआयएचएस’ या अमेरिकी संस्थेला ५० वर्षे पूर्ण झाली होती. त्यानिमित्त १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या दोन सेदान ताशी सुमारे ६४ किमी वेगाने समोरासमोर धडकवण्यात आल्या. टक्कर चालकाच्या बाजूने झाली. दोन्ही गाड्यांचे वजन जवळपास सारखे होते. लांबीला बेल एअर सुमारे अर्धा मीटर जास्त होती.

निकाल काय लागला?

बेल एअरची केबिनच चेपली. स्टिअरिंग मागे ढकलले जाऊन चालकाच्या जागी बसवलेल्या डमीवर आले. या गाडीत सीटबेल्ट नव्हते, एअरबॅगही नव्हत्या. खरा चालक असता तर तो वाचला नसता. मालिबूचा पुढचा भाग चक्काचूर झाला, पण केबिनचा आकार टिकला. तिच्या चालकाला पायाची किरकोळ इजा झाली असती.

असे का घडले?

धडकेची ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवतात. त्याला ‘क्रम्पल झोन’ म्हणतात. केबिनचा सांगाडा मात्र कणखर पोलादाचा असतो. बोनेट चुरगळताना गाडी थोड्या जास्त अंतरात थांबते. हे अंतर दुप्पट झाले, की शरीराला बसणारा सरासरी धक्का निम्मा होतो. जुन्या गाडीत अशी व्यवस्था नसल्याने ऊर्जा थेट केबिनपर्यंत पोहोचते.

गाडी घेताना काय पाहाल?

पत्र्यावर टकटक करून सुरक्षितता कळत नाही. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ चाचणी सुरू झाली आहे. त्यातही समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किमी वेगानेच होते. त्यामुळे गाडीचे स्टार रेटिंग तपासा. सेकंड हँड गाडी घेत असाल, तर अपघातानंतर सांगाड्याला वेल्डिंग झाले आहे का, हे जाणकाराकडून पाहून घ्या.

घरची जुनी गाडी हौसेने जरूर जपा. पण मुलाबाळांना घेऊन महामार्गावर निघताना नवी गाडी काढा आणि मागच्या सीटवरही बेल्ट लावा. बेल्ट नसेल, तर क्रम्पल झोन आणि एअरबॅगचा पुरेसा उपयोग होत नाही.