'एकच प्याला'तील मुके पात्र

राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निधन झाले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारी रोजी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. अवघे तेहतीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या नाटककाराने आपली सर्वांत गाजलेली शोकांतिका रंगमंचावर पाहिलीच नाही. गडकऱ्यांचा जन्म नवसारीचा, नाटकाचा जन्म बडोद्याचा. देवास, धार, इंदूर या संस्थानांच्या छायेत रुजलेल्या आपणा माळव्यातील मराठी मंडळींना याचे कौतुक वाटावे. मराठी रंगभूमीचे घर केवळ पुण्या-मुंबईत कधीच नव्हते.

त्या काळची रंगभूमी कशी होती? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने १८८० साली संगीत नाटकाची प्रतिष्ठापना केली होती. संस्कृत परंपरेस अनुसरून शेवट गोड करण्याकडे नाटककारांचा कल असे. शोकान्त नाटक आले ते मुख्यतः शेक्सपिअरच्या वाटेने; आगरकरांचे 'विकारविलसित' आणि देवलांचे 'झुंझारराव' ही त्याची उदाहरणे. स्त्री-भूमिका पुरुषच करीत. प्रयोग रात्र रात्र चालत आणि 'वन्स मोअर'च्या आरोळीसरशी पद पुन्हा गायले जाई. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. भरजरी शालू, अत्तरे आणि दागिने यांसाठी ही मंडळी प्रसिद्ध होती. त्याच बालगंधर्वांनी सिंधूच्या भूमिकेत फाटके लुगडे नेसले. प्रेक्षकांना बसलेला तो पहिला धक्का असला पाहिजे. बोडस सुधाकर झाले होते. पदे मात्र गडकऱ्यांची नव्हेत, ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली.

कथानक थोडक्यात असे. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते आणि त्या तळमळीत त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. तेथून घसरण सुरू होते. सिंधू दळणे दळून घर चालवते. माहेरच्या आधारावर संसार करण्यापेक्षा ती नवऱ्याजवळची उपासमार पत्करते.

वैद्यकीय दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मधला भाग. सुधाकर एकदा दारू सोडतो. मनापासून सोडतो. काम मागत फिरतो, परंतु बदनाम झालेल्या माणसाला कोणी उभे करीत नाही आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. व्यसनमुक्तीनंतरचे हे पुनःपतन आज आपण रोगाचाच एक भाग मानतो. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'ची स्थापना १९३५ सालची. गडकऱ्यांनी त्याआधीच ओळखले होते की निश्चय एकट्याने टिकत नाही, त्याला भोवतालच्या समाजाचा हात लागतो. तळीरामाच्या 'आर्य मदिरामंडळा'त मात्र हात देणारे कितीतरी असतात! व्यसनी माणसाला आपले म्हणणारी संस्था दारूड्यांचीच असावी, हा विनोद मला हसवून झाल्यावर बोचतो. याच नाटकात तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य या दोघांचीही टर उडवलेली आहे. आपल्या संमेलनात कोणी नाट्यवाचन करणार असेल, तर तो प्रवेश अवश्य घ्यावा. आपल्यावर हसण्याची संधी सहसा रुग्णांनाच मिळते.

या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक सुधाकर, सिंधू व तळीराम यांच्याभोवतीच फिरते. बालरोगतज्ज्ञ म्हणून वाचताना माझी दृष्टी चौथ्याच पात्रावर खिळते. त्याला एकही वाक्य नाही. ते सिंधूचे तान्हे मूल. शेवटच्या अंकात नशेतल्या सुधाकराच्या हातून ते मरते आणि सिंधू प्राणांतिक जखमी होते. फौजदार चौकशीस येतो तेव्हा पतीला वाचविण्यासाठी ती हा अपघात असल्याचे सांगते. सुधाकर अखेरच्या प्याल्यात विष घेतो.

सिंधूच्या त्या जबानीवर प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी डोळे पुसले. मला ती जबानी ओळखीची वाटते. आपल्याकडे येणारी आई 'पाळण्यातून पडलं' म्हणते. मूल अजून कुशीवर वळण्याच्या वयाचेही नसते आणि क्ष-किरण चित्रात वेगवेगळ्या काळची दोन-तीन हाडे मोडलेली दिसतात. जॉन कॅफी यांनी १९४६ साली लहान मुलांतील डोक्यातील रक्तस्राव व लांब हाडांचे अस्थिभंग यांची सांगड घातली आणि १९६२ मध्ये केम्प व सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकाच्या या लक्षणसमूहाला नाव दिले. सांगितलेली हकिगत आणि दिसणारी इजा यांचा मेळ बसत नाही, ही त्यातली कळीची खूण. गडकऱ्यांनी तो बेमेळ १९१९ साली रंगमंचावर मांडला होता. फरक इतकाच की प्रेक्षकांनी त्यात पातिव्रत्य पाहिले.

सिंधूचे हे टोकाचे पातिव्रत्य आजच्या वाचकाला खटकते. मलाही खटकते. परंतु तिला दुसरा मार्ग कोणता होता? कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि त्यानंतरही बाह्यरुग्ण विभागात 'पडलं' हाच शब्द ऐकू येतो. उदयनगर-बागलीच्या वनपट्ट्यात मोहाची दारू, शहरात बाटलीतली; हकिगत तीच. नवरा दाराशी उभा असताना आई दुसरे काही सांगणार नाही. म्हणून तिला एकटीला आत बोलवावे, मुलाचे सगळे कपडे काढून तपासावे, जुने वळ शोधावे आणि जे दिसेल ते तारखेसह केसपेपरवर नोंदवावे.

भाषेबद्दल एक सूचना. गडकऱ्यांच्या कोट्या आणि अलंकारिक स्वगते प्रथम दमवतात. तेथे रेंगाळू नये, पुढे जावे. गाणी ऐकायची असतील तर बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व देवासला आले व पुढे येथेच राहिले. 'मला उमजलेले बालगंधर्व' हा त्यांचा कार्यक्रमही ऐकण्यासारखा आहे. पाचवा अंक मात्र गाण्यांवाचून, मोठ्याने वाचावा, आणि वाचताना पाळण्याकडे लक्ष असावे.