आधी व्याज, मग आकडा

कर्ज फेडताना आकड्याला भिऊ नये, व्याजाला भ्यावं. थोरलीच्या लग्नानंतर आमच्या घरावर तीन कर्जं होती : पतसंस्थेचं, क्रेडिट कार्डाचं आणि वाण्याची उधारी. पतसंस्थेचा आकडा सर्वांत मोठा. पण कार्डावर महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२! नुसती ‘किमान रक्कम’ भरत राहिलं तर मुद्दल जागचं हलत नाही. म्हणून बाकीचे हप्ते न चुकवता उरलेला रुपया न् रुपया आम्ही कार्डात घातला.

‘फ्लॅट १२ टक्के’ हे शब्दही नीट ऐकावेत. १२,००० रुपये वर्षभरासाठी घेतले तर व्याज १,४४० आणि हप्ता १,१२० रुपये. दरमहा मुद्दल फिटत जातं, व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण रकमेवरच. खरा दर पडतो साडेएकवीसच्या घरात.

वाण्याची उधारी बिनव्याजी खरी. पण बायकोचं म्हणणं असं, की उधारी आहे तोवर तो देईल तो तांदूळ आणि सांगेल तो भाव. हे व्याज कुठल्या कागदावर दिसत नाही. बँकांनी तिला सल्लागार नेमायला हरकत नाही.

बचत चुलीवरच व्हायची. मटणाचं सालन बंद, शुक्रवारी दालचा. पाव किलो हाडाचं मटण, दोन वाट्या चणाडाळ, एक दुधी, वर चिंचेचा कोळ. सहा माणसं पोटभर जेवतात. नळी कुणाच्या ताटात जाणार, याची पाळी लावलेली असे. माझ्या पाळीला ती धाकट्यानं हमखास पळवावी!