रणांगण सुटते, युद्ध सुटत नाही

युद्ध संपले की तहावर सह्या होतात, मृतांची स्मारके उभी राहतात आणि जिवंत परतलेल्यांचा सत्कार करून समाज मोकळा होतो. परंतु ज्याचे शरीर घरी आले आणि मन खंदकातच राहिले, त्याचे काय?

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, डॉ. चार्ल्स मायर्स यांनी ब्रिटनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या व्यथेची ‘शेल शॉक’ या नावाने नोंद केली. एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स यांनी अशा अधिकाऱ्यांना बोलते करून उपचार केले. मात्र त्याच युद्धात पलायन, भ्याडपणा अशा आरोपांखाली कित्येक शिपायांना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. त्यांत मनाने खचलेलेही होते. त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटनने क्षमा केली ती २००६ मध्ये!

व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी आवाज उठविला, तेव्हा कुठे १९८० मध्ये तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या विकाराला आपल्या अधिकृत सूचीत स्थान दिले. अपरात्री दचकून उठणे, फटाक्याच्या आवाजाने थरकाप होणे, आप्तांपासून तुटणे ही भित्रेपणाची नव्हे, आजाराची लक्षणे होत. आणि त्यावर उपचार आहेत.

पण उपचारांआधी बोलावे लागते. शौर्यगाथांना आसुसलेले आपले कान भीतीची कहाणी ऐकावयास तयार असतात काय? ज्याने आपल्यासाठी मरणाची तयारी ठेवली, त्याला ‘मी भ्यालो’ असे म्हणण्याचा अधिकार आपण केव्हा देणार?