हुबळीच्या फेऱ्या आणि चार वेगळे कागद

मंडळी, विंचच्या दोरात हात अडकून बोटं जाणं आपल्या बंदराला नवीन नाही. कारवारहून 'पुढे न्या' म्हणाले की आपण मणिपाल, गोवा नाहीतर हुबळी गाठतो. २०२२ च्या जुलैत होन्नावरहून रुग्ण घेऊन निघालेली ॲम्ब्युलन्स शिरूर टोलनाक्यावर उलटली, माणसं दगावली, आणि उत्तर कन्नडला मोठं इस्पितळ हवं म्हणून जिल्हाभर ओरड झाली. ते होईल तेव्हा होईल. तोवर अंकोला, अरबैल घाट, यल्लापूर, हुबळी ही वाट आपल्याला चुकत नाही.

उपचार होतात हो. खरा जाच सुरू होतो टाके काढल्यावर.

मागच्या वर्षी आपल्यातल्या एका खलाशाबरोबर मी चार वेळा हुबळी-धारवाडला गेलो. उजव्या हाताची तीन बोटं गेली, मनगट वळत नाही. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "जखम भरली, आता कामाला हरकत नाही." कुठल्या कामाला? जाळं ओढायला? हा विचारेपर्यंत पुढचा पेशंट खुर्चीत. अपंगत्वाच्या दाखल्याचं काढलं तर "तुम्ही दुसऱ्या जिल्ह्याचे, तिकडे जा." तिकडे गेलो तर "ऑपरेशन झालं तिथूनच आणा." नोकरीच्या कचेरीत "आधी दाखला." एका खिडकीवर सहीच जुळेना. कशी जुळणार, सही करणारा हातच गेला! आणि सगळीकडे शेवटी एकच, "नाळे बन्नी." तिसऱ्या फेरीला तो एसटी स्टँडवर म्हणाला, "दादा, नको मला काय. घरी जाऊया." हात खिशातच ठेवून बोलत होता.

आमचंही चुकत होतं. आम्ही एकच कागद मागतोय असं समजत होतो. कागद चार असतात, देणारे वेगळे, आणि एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

पहिला डिस्चार्जचा. अपघात कसा झाला, कुठली बोटं, कुठलं ऑपरेशन हे त्यात लिहिलेलं हवं. घाईत "हाताला इजा" एवढंच लिहितात आणि पुढे सगळं तिथेच अडतं. घरी निघण्याआधी वाचून घ्या. दुसरा फिटनेसचा. तो मागताना "बोटीवर विंच चालवणं, जाळं ओढणं हे माझं काम" असं स्वतः सांगा, आणि कुठलं काम जमणार नाही ते लिहून मागा. डॉक्टरला आपलं काम माहीत नसतं.

तिसरा अपंगत्वाचा दाखला, म्हणजे यूडीआयडी कार्ड. इथेच लोक सगळ्यात जास्त फिरतात. २०१७ च्या केंद्राच्या नियमांत साफ लिहिलंय की अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, किंवा जिथे त्या इजेवर उपचार झाले त्या सरकारी इस्पितळातही. तेव्हा "दुसऱ्या जिल्ह्याचे" हे उत्तर तोंडी ऐकून परत फिरू नका. अर्ज द्या, पोच घ्या. नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि त्यावर अपील करता येतं. आधी दाखल्याला एक महिन्याची मुदत होती, २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिन्यांपर्यंत गेली. ही मुदत मोजायची तर पोच हवी. तोंडी "नंतर या"ला तारीख नसते.

एक मात्र डॉक्टरांच्या बाजूने सांगतो. "सहा महिन्यांनी या" म्हणणं दरवेळी टाळाटाळ नसते. तुटलेलं बोट परत येत नाही, पण आखडलेलं मनगट व्यायामाने सुटू शकतं, म्हणून टक्के ठरवायला थांबतात. बदल होण्यासारखा असेल तर ठरावीक मुदतीचा दाखलाही देतात. तो मागा.

नोकरीचं गणित टक्क्यांवर आहे. २०१६ च्या कायद्याने सरकारी जागांत किमान ४% आरक्षण आहे, हातापायाच्या अपंगत्वाला त्यातला १%, पण अपंगत्व किमान ४०% हवं. शिवाय प्रत्येक जागेपुढे कुठलं अपंगत्व चालतं ते लिहिलेलं असतं. 'ओए' म्हणजे एक हात, 'ओएल' म्हणजे एक पाय. आपला गडी हाताचा आणि जागा फक्त ओएलची, तर फी आणि दिवस दोन्ही गेले. जाहिरातीत आधी ते बघा. रोजगार कचेरीतली नोंदणी ही नुसती नोंदणी, तिच्या नंबराला नोकरी समजून कोणी घरी बसू नये.

चौथा विम्याचा. मत्स्य संपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख आणि इस्पितळाच्या खर्चाला २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. हप्ता सरकार भरतं, आपल्याला दमडी पडत नाही. पण यादीत नाव अपघाताच्या आधी हवं. बोटमालकांनो, खलाशांची नावं यंदा गेलीत का ते तुम्हीच बघा, खलाशी विचारायला येणार नाही.

आणि घाट चढण्याआधी एक. आयुष्मान कार्डावर उपचार हवे असतील तर खालच्या सरकारी इस्पितळाची रेफरलची चिठ्ठी घेऊन निघा. तातडीच्या वेळी ती लागत नाही, पण ठरवून केलेल्या ऑपरेशनला नसेल तर वरून परत पाठवतात.

आपल्या त्या खलाशाने आता डाव्या हाताने सही गिरवली, बँकेत ती नवीन नोंदवली. दाखल्याच्या अर्जाची तारीख घातलेली पोच त्याच्या पाकिटात आहे. कोणाचे कागद असे अडले असतील तर फाइल घेऊन सोसायटीत या, कानडी फॉर्म वाचून भरून देऊ. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी या, परत आल्यावर नको.