एक 'टेक', क्रियापदं अनेक

चीनमध्ये 2001 पासून प्राथमिक शाळेच्या तिसरीतच इंग्रजी सुरू करण्याचं धोरण आलं. 'टेक' हे क्रियापद मुलांना लवकरच भेटतं. 'घेणे' या अर्थी चिनीत 'ना' आहे. पण तो एक अर्थ पाठ करून भागत नाही.

चिनी माणूस औषध 'खातो': 'छ्र याओ'. म्हणून नवशिका बिनदिक्कत 'ईट मेडिसिन' म्हणतो. त्याच्या दृष्टीने त्यात चूक काय? बसच्या बाबतीत तो 'बसणे' या अर्थाचं 'त्स्वो' वापरतो आणि फोटोला 'फाय'. वेळ लागतो तिथे 'ह्वा', म्हणजे खर्च होणे. इंग्रजीला या साऱ्यांसाठी एकटं 'टेक' पुरतं.

खरी गोची 'ब्रिंग' आणि 'टेक' यांच्यात होते. चिनीत दोन्हींसाठी 'ताय' चालतं. दिशा दाखवायला पुढे 'लाय' (येणे) किंवा 'छ्यू' (जाणे) जोडतात. ही शेपटी इंग्रजीत क्रियापदाच्याच पोटात गेलेली असते, त्यामुळे पाहुण्याला स्टेशनवर 'ब्रिंग' केलं जातं. मराठी विद्यार्थी इथे सुटतो, कारण त्याच्याकडे 'आणणे' आणि 'नेणे' आधीपासून वेगळी आहेत.

'टेक ऑफ' तर आणखी वात आणतं. विमानासाठी 'छी फेय', कोट उतरवायला 'थ्वो', आणि एक दिवस 'टेक ऑफ' करायचा तर 'छिंग च्या', म्हणजे साहेबाकडे रजा मागणं.