चाकांवरचे घर आणि दगडावरची नावे

उन्हाळा लागला की युरोपच्या रस्त्यांवर चाकांवरच्या घरांची वर्दळ सुरू होते. शेगडी, बिछाना, पाण्याची टाकी असा सारा संसार मोटारीत मांडून जर्मन, डच, फ्रेंच कुटुंबे आठवडेच्या आठवडे भटकत असतात. आपल्याकडील सहलींच्या बसेस पॅरिसचा मनोरा आणि स्वित्झर्लंडचा बर्फ दाखवून घाईने परततात. मोटारगृहातील प्रवाशाला हवे तेथे थांबता येते. या मोकळिकीचा सर्वांत चांगला उपयोग कोणता, असे विचारले तर युद्धस्मारकांची वाट धरणे, असेच उत्तर द्यावे लागेल.

बेल्जियममधील ईप्र या गावी मेनिन वेशीवर, ज्यांना थडगेही लाभले नाही अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. १९२८ पासून तेथे रोज रात्री आठ वाजता बिगुल वाजतो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन अंमलाच्या काळातच काय तो खंड पडला. तेथून थोड्याच अंतरावर फ्रान्सची हद्द लागते आणि ती केव्हा ओलांडली हे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. पहिल्या महायुद्धात याच मुलखात काही मैल पुढे सरकण्यासाठी लक्षावधी तरुण चिखलात गाडले गेले होते.

हद्दीपलीकडील नव्ह शापेल येथे गोलाकार भिंतींच्या आत, कमळ धारण केलेला उंच स्तंभ दिसतो. १९२७ साली उभारलेल्या या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची व कामगारांची नावे आहेत. मार्च १९१५ मध्ये येथे झालेल्या लढाईत भारतीय पलटणी आघाडीवर होत्या. पुढे व्हर्दूं येथील अस्थिगृहात सुमारे १ लाख ३० हजार अनामिक फ्रेंच व जर्मन सैनिकांची हाडे एकत्र ठेवलेली आहेत. जिवंतपणी ज्यांना शत्रू ठरविले, त्यांना मरणोत्तर वेगळे करणे कोणालाच शक्य झाले नाही. त्याच व्हर्दूंमध्ये १९८४ साली मित्तराँ आणि कोल हे दोन नेते हातात हात घेऊन उभे राहिले.

आल्प्स ओलांडून इटलीत उतरल्यावर तर ही वाट थेट कोकणात पोचते. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर आहे आणि मोंतोने येथे २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारण्यात आले.

हे सैनिक ज्या साम्राज्यासाठी लढले, त्याने त्यांच्या देशाला पारतंत्र्यात ठेवले होते. म्हणूनच स्वातंत्र्यानंतर त्यांना आपले म्हणताना आपण संकोचलो. हा संकोच समजण्याजोगा आहे. विस्मरण मात्र क्षम्य नाही. साम्राज्याचा निषेध करण्यासाठी पोटासाठी पलटणीत गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला विसरण्याची काय गरज? त्याचे स्मरण म्हणजे युद्धाचे गुणगान नव्हे. उलट, कुणाच्या निर्णयाची किंमत कोण मोजतो, हे त्या नावांइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल.

युरोपातील अनेक देशांमधील सरहद्दींवरची तपासणी १९९५ पासून उठत गेली. तथापि अलीकडे काही देशांनी ती तात्पुरती म्हणून पुन्हा सुरू केली आहे आणि २०२२ मध्ये युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणाने युरोपात पुन्हा खंदक खोदले गेले. शांतता ही एकदा मिळवून कायमची पदरात पडणारी वस्तू नव्हे, हा धडा ही स्मारके देतात. युरोपला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने आपल्या कार्यक्रमातला एक दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवावा. आपल्या माणसांची नावे वाचणारे कोणी तरी आपल्यातलेही असावे, एवढीच अपेक्षा.