मेंदोसाच्या द्राक्षमळ्यांतील नवशिका स्वार

आर्जेन्टिनाच्या पश्चिमेस, आन्दीज पर्वताच्या पर्जन्यछायेत वसलेल्या मेंदोसा या मुलुखात वर्षाकाठी सुमारे 200 मिलिमीटरच पाऊस पडतो, आणि तरीही हिमशिखरांवरून उतरणारे पाणी पाटांनी खेळवून तेथील शेतकऱ्यांनी माल्बेक द्राक्षांचे विस्तीर्ण मळे पोसले आहेत. ते मळे पाहावयास आलेल्या प्रवाशांपैकी पुष्कळजण घोड्यावर प्रथम बसतात ते येथेच. आणि अश्वारोहण हे धैर्याचे व बळाचे काम आहे, अशी समजूत मनाशी बाळगून बसतात. इतर बहुतेक गैरसमज या एका समजुतीच्या पोटी जन्मास येतात.

त्यांतला सर्वांत दृढ गैरसमज असा की, घोडा भित्र्या स्वारास ओळखतो आणि मुद्दाम छळतो. वस्तुतः घोडा हा हिंस्र पशूंचे भक्ष्य ठरलेला, पळून जीव वाचविणारा प्राणी आहे; त्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंस असल्यामुळे कपाळापुढची व शेपटीमागची थोडी जागा वगळता त्यास जवळजवळ चोहोंकडचे दिसते, आणि त्याची त्वचा इतकी संवेदनशील असते की माशी बसली तर तेवढाच भाग तो थरथरवू शकतो. अशा प्राण्याच्या पाठीवर घाबरलेला मनुष्य टाचा आवळतो, जो घोड्याच्या लेखी पुढे चालण्याचा हुकूम असतो, आणि त्याच क्षणी लगामही खेचतो, जो थांबण्याचा हुकूम असतो. या परस्परविरोधी आज्ञांनी गोंधळून तो मान झटकतो, मागे सरतो, आणि आपण त्यास खोडसाळ ठरवितो. हा त्या मुक्या जनावरावर उघड अन्याय आहे. श्वास मोकळा सोडावा, मांड्या सैल ठेवाव्यात, रिकिबीत पाऊल चवड्यापुरतेच घालून टाच खाली झुकवावी, आणि नजर घोड्याच्या कानांपलीकडील वाटेवर ठेवावी. एवढ्याने बहुतेक घोडे शांत चालतात. जवळ जातानाही समोरून वा मागून न जाता, त्यास दिसेल असे खांद्याच्या बाजूने जावे.

लगाम हा तोल सावरण्याचा आधार आहे, ही समजूतही तशीच घातक. लगामाचे दुसरे टोक घोड्याच्या मुखात असते, आणि प्रत्येक हिसका तेथे वेदना उत्पन्न करतो. गाउचो, म्हणजे तेथील गुराखी, दोन्ही लगाम एका हातात सैल धरतो आणि वळावयाचे झाल्यास ते मानेस केवळ टेकवितो. तोल गेलाच तर आयाळ धरावी, किंवा मेंढीचे कातडे अंथरलेल्या, रेकादो नावाच्या तेथील खोगिराचा पुढील भाग धरावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

क्रिओयो जातीचा तेथील घोडा ठेंगणा दिसतो म्हणून तो दुबळा, असेही नवख्यांस वाटते. भीमथडी तट्टांचा लौकिक ठाऊक असलेल्या मराठी वाचकास तरी हा भ्रम होऊ नये. एमे चिफेली हा शिक्षक 1925 साली मांचा व गातो हे दोन वयस्क क्रिओयो घेऊन ब्वेनोस आइरेसहून उत्तरेस निघाला. गातो मेक्सिकोत मागे राहिला, पण मांचा 1928 साली न्यूयॉर्कपर्यंत पोहोचला. आणि चित्रांत उमद्या घोड्यावर दिसणाऱ्या सेनापती सान मार्तीनने 1817 साली मेंदोसाहून सैन्यासह आन्दीज ओलांडला, तो खेचरावर बसून! बिकट वाटेवर अंगकाठीपेक्षा पावलांचा इतबार मोठा, हे त्या सेनापतीस पक्के ठाऊक होते.

राहिला त्या मळ्यांतील द्राक्षांच्या मद्याचा प्रश्न. थोडे घेतल्याने भीती जाते, हे क्षणभर कबूल केले, तरी भीतीबरोबर तोलही जातो. कारण मद्याचा अंमल कानाच्या अंतर्भागातील समतोलाच्या इंद्रियावर आणि मेंदूच्या तत्परतेवर होतो, आणि मेंदोसातील ऊको खोऱ्यातल्या हजार मीटरांहून उंच मळ्यांत कोरडी हवा व प्रखर ऊन शरीरातील पाणी आधीच शोषून घेत असतात. म्हणून सकाळच्या गारव्यात स्वारी आणि ती संपल्यावर मद्यास्वाद, हाच क्रम ठेवावा. वाटाड्याच्या डोक्यावर साधी टोपी असली तरी आपण शिरस्त्राण मागून घ्यावे, पायांत लहान टाचेचे बूट असावेत, आणि घोडा थोडा चालला की खोगिराचा तंग सैल पडतो, तो वाटाड्याकडून पुन्हा आवळून घ्यावा.